फिल्टर बदलायची वेळ कोण ठरवतं?

एअर प्युरिफायर विकत घेताना लोक बरीच चौकशी करतात. खोली केवढी, पंख्याचा आवाज किती, हेपा खरा की नावापुरता, सगळं विचारून घेतात. फिल्टर बदलायची वेळ आली की मात्र सारा निर्णय यंत्रावरच्या एका लाल दिव्यावर सोडला जातो. दिवा लागला की फिल्टर मागवायचा, तोवर तिकडे बघायचं नाही. हा दिवा बहुतेक घरगुती यंत्रांत फक्त तास मोजतो. काही यंत्रं पंख्याचा वेगही हिशेबात धरतात, थोडी महाग यंत्रं सेन्सरने नोंदवलेली धूळही धरतात. पण फिल्टरच्या घड्यांमध्ये प्रत्यक्षात किती धूळ बसली आहे आणि त्यातून आता किती हवा पार होते, हे घरातलं साधं यंत्र मोजत नाही. दिवसाला १२ तास धरून वर्षाचे ४३८० तास होतात, आणि ‘फिल्टर वर्षभर चालतो’ हे वाक्य साधारण अशाच गृहीतकावर उभं असतं. ते तास गुहागरच्या समुद्राकाठच्या घरात गेले की चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या सावलीत, दिव्याला फरक पडत नाही. फिल्टरला पडतो.

फिल्टरचं आयुष्य तासांत मोजणं ही सोय आहे. खरं आयुष्य मिलिग्रॅममध्ये असतं, आणि हे मोजायची पद्धतही अस्तित्वात आहे. चीनने २०१५ साली एअर प्युरिफायरचं राष्ट्रीय मानक सुधारलं, तेव्हा त्यात एक आकडा आणला: यंत्राची हवा स्वच्छ करण्याची क्षमता मूळच्या निम्म्यावर येईपर्यंत फिल्टरने एकूण किती धूळ टिपली. ही चाचणी सिगारेटच्या धुराने घेतात. २०१५च्या त्या मानकात सगळ्यात वरच्या, म्हणजे ‘पी-४’ श्रेणीसाठी हा आकडा किमान १२,००० मिलिग्रॅम लागतो. खालच्या ‘पी-१’ श्रेणीला ३,०००पासून सुरुवात होते. म्हणजे दिसायला सारख्या दोन फिल्टरांच्या आयुष्यात चौपट फरक असू शकतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांच्या माहितीपत्रकात हा आकडा सापडतो. सापडला तर जपून ठेवावा, कारण ‘१२ महिने’ या शब्दांपेक्षा तो कितीतरी जास्त सांगतो.

या आकड्याचा घरात कसा उपयोग होतो, ते पाहू. १२ फूट बाय १० फुटांची, १० फूट उंचीची झोपायची खोली घ्या. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. खिडक्या बंद असल्या तरी फटींतून हवा येत-जात राहते. आपल्या सरकत्या खिडक्या पाहता तासाला एकदा सगळी हवा बदलते असं धरू. बाहेर पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. भारताची २४ तासांची कायदेशीर मर्यादा हीच आहे (जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये आपली शिफारस १५वर आणली). या हिशेबाने खोलीत तासाला साधारण २ मिलिग्रॅम बारीक धूळ शिरते, रात्रीच्या १० तासांत २०. बारा हजार मिलिग्रॅमचा फिल्टर असा ६०० रात्री पुरतो. हीच खोली नोव्हेंबरच्या दिल्लीत किंवा गुरुग्राममध्ये असेल आणि बाहेरचा आकडा ३०० असेल, तर तोच फिल्टर १२० रात्रींत निम्म्यावर येतो. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना पुण्यातले नातेवाईक ‘आमचा तर दीड वर्ष चालतो’ असं सांगतात, तेव्हा दोघांचंही खरं असतं.

हे गणित ढोबळ आहे. फटींतून येताना थोडी धूळ भिंतींवरच बसते, आणि यंत्र सगळीच धूळ टिपत नाही. पण त्यातून एक गोष्ट ठळक दिसते: फिल्टरवर सगळ्यात मोठा भार खिडकीचा असतो. खिडकी उघडी ठेवून प्युरिफायर चालवला की तासाला एकदाऐवजी पाच-दहा वेळा हवा बदलते, आणि फिल्टर तितक्या पटीने लवकर भरतो. हवेसाठी खिडकी उघडायलाच हवी. पण ती उघडी असेपर्यंत यंत्र बंद ठेवावं, खिडकी लावल्यावर अर्धा तास जोरात चालवावं. फिल्टर वाचवण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

घरातल्या घरात तयार होणारा धूर या हिशेबात धरलेलाच नाही. जपानच्या विद्युत उपकरण उत्पादकांच्या संघटनेच्या मानकात फिल्टरचं आयुष्य काढताना घरात रोज ५ सिगारेटी ओढल्या जातात असं गृहीत धरलेलं आहे. त्यावरून तिथली काही यंत्रं ‘फिल्टर १० वर्षं’ असा दावा करतात, आणि तसा दावा करायला तिथे आधार आहे. आता २००३ सालचा एक अभ्यास त्याच्या शेजारी ठेवा. चीन आणि मलेशियातल्या डासांच्या कॉइलच्या धुराची तपासणी करून संशोधकांनी दाखवलं, की एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतकी पीएम २.५ धूळ सोडते. दहा वर्षांच्या ५-५ सिगारेटी म्हणजे १८,२५० सिगारेटी. सरळ भागाकार केला तर साधारण १३० ते २४० कॉइल. ज्या घरात रोज रात्री कॉइल लागते, तिथे जपानी दहा वर्षं वर्षभराच्या आत संपतात. कॉइलचा सगळा धूर फिल्टरमध्ये जात नाही हे खरं, पण प्रमाण लक्षात यायला एवढं पुरे. उदबत्ती, धूप, फोडणीचा तेलकट धूर, मिरचीचा ठसका हे सगळे त्याच रांगेतले. प्युरिफायर असलेल्या खोलीत कॉइल लावू नये, मच्छरदाणी लावावी, असं मी आग्रहाने सांगेन. फिल्टरच्या पैशांसाठी कमी आणि त्या खोलीत झोपणाऱ्या मुलांसाठी जास्त.

भरलेल्या फिल्टरचं नक्की काय होतं, याबद्दल बराच गैरसमज आहे. हेपा ही चाळणी आहे असं बहुतेकांना वाटतं: भोकं बुजली की काम संपलं. प्रत्यक्षात हेपा म्हणजे वेड्यावाकड्या तंतूंचं दाट जाळं. १९४०च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी अशा फिल्टरांचा विकास झाला. मोठे कण वळणावर हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूवर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत जाऊन तंतूला चिकटतात. मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, सगळ्यात निसटते; म्हणून त्याच आकारावर परीक्षा घेतात आणि ९९.९७ टक्के कण अडले तर हेपा म्हणतात. तंतूंवर धूळ बसत गेली की जाळं आणखी दाट होतं. म्हणजे काचेच्या तंतूंचा जुना फिल्टर कण अडवण्यात नव्यापेक्षा सरस ठरू शकतो. पण त्यातून हवाच कमी जाते. पंखा तेवढाच फिरतो, आवाज तेवढाच किंवा जास्त येतो, आणि खोलीत स्वच्छ हवा अर्धीच मिळते.

घरगुती यंत्रांत मात्र काचेचे तंतू कमी, पॉलिप्रॉपिलीनचे जास्त. या प्लॅस्टिकच्या तंतूंना कारखान्यात विद्युतभार दिलेला असतो आणि कण त्या भाराने ओढले जातात. एन-९५ मास्कमध्ये हाच माल असतो. तेलकट धुराने आणि सिगारेटच्या धुरासारख्या सूक्ष्म कणांनी हा भार झाकला जातो, आणि मग उलट गोष्ट घडते: हवा छान वाहते, पण कण निसटायला लागतात. हा प्रकार कानाला किंवा हाताला कळत नाही. म्हणून ‘हवा तर जोरात येतेय, फिल्टर चांगला आहे’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे. रंगावरूनही ठरवू नये. पांढरा फिल्टर मुंबईत काही आठवड्यांत राखाडी होतो, आणि तेव्हा त्याचं बरंच आयुष्य बाकी असतं.

मग कळणार कसं? मी एकच चाचणी भरवशाची मानतो, आणि ती घरी करता येते. बाजारात साधारण दोन-तीन हजारांत पीएम २.५ मोजणारं छोटं यंत्र मिळतं. सोसायटीत चार घरांनी मिळून एक घेतलं तरी चालतं. फिल्टर नवा असताना, कोरड्या दिवशी, खिडकी उघडून बाहेरची हवा आत येऊ द्या. मग खिडकी-दार लावा, प्युरिफायर सगळ्यात वरच्या वेगावर सुरू करा, आणि आकडा निम्म्यावर यायला किती मिनिटं लागतात ते फिल्टरच्या कडेवरच लिहून ठेवा. ताशी २५० घनमीटर क्षमतेचं यंत्र आपल्या ३४ घनमीटरच्या खोलीत हे काम सुमारे ६ मिनिटांत करतं. फटींमुळे प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ जातो. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच वेगावर, बाहेरचा आकडा साधारण तेवढाच असताना पुन्हा मोजा. वेळ दुप्पट झाला की क्षमता निम्मी झाली, म्हणजे चिनी मानकातली शेवटची रेघ आली. घड्या बुजल्या असोत की विद्युतभार गेला असो, ही चाचणी दोन्ही पकडते. दमट दिवशी ती करू नये, कारण स्वस्त सेन्सर हवेतले पाण्याचे सूक्ष्म थेंबही धूळ म्हणून मोजतात.

घरात दमेकरी, तान्हं बाळ किंवा फुप्फुसाच्या विकाराचं वयस्क माणूस असेल, तर निम्म्याची वाट बघू नये. वेळ दीडपट झाला की बदलावा.

कोळशाच्या थराची गोष्ट वेगळी. ॲक्टिव्हेटेड कार्बन वास आणि वायू शोषतो, आणि त्याची जागा भरली की तो थांबतो. धूळमापक यंत्राला याचा पत्ता लागत नाही; वास परत येऊ लागला, किंवा यंत्रातूनच आंबूस वास यायला लागला, की तो संपला असं समजायचं. घरगुती यंत्रांत कार्बन किती असतो, हेही उचलून पाहण्यासारखं आहे. कित्येकांत जाळीवर चोळलेली काळी पूड, एवढंच. रंगकाम झालेल्या खोलीत असा थर पटकन संपतो, आणि फॉर्माल्डिहाइडसारख्या वायूवर साधा कार्बन मुळातच फारसा चालत नाही. हेपा आणि कार्बन एकत्र चिकटवलेला फिल्टर असेल तर कार्बन आधी संपतो. पण तुमचा मुख्य त्रास धुळीचा असेल, तर फक्त त्यासाठी सगळा फिल्टर टाकून देऊ नका.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात या प्रश्नाला एक बाजू आहे जी परदेशी माहितीपुस्तिकेत नसते: पावसाळा. जून ते सप्टेंबर बाहेरची धूळ पावसाने बसलेली असते, आकडे खाली असतात, आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. या काळात फिल्टरला पकडायला थोडंच असतं, पण त्याचं नुकसान होऊ शकतं. पाण्याची वाफ कार्बनमधली जागा अडवते. आधीच धूळ, केस, कोंडा साठलेल्या घड्यांत ओल राहिली की बुरशी धरते, आणि मग यंत्र सुरू करताच कुबट वास येतो. असा वास आलेला किंवा एकदा भिजलेला फिल्टर दिवा काहीही म्हणो, टाकावा. पावसाळ्यात यंत्र वापरायचं नसेल तर फिल्टर बाहेर काढून, कोरड्या दिवशी, हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. भिंतीला टेकवून, ओल येणाऱ्या कोपऱ्यात यंत्र तसंच सोडून देऊ नये.

याच कारणासाठी महाराष्ट्रात नवा फिल्टर घालायचा तर ऑक्टोबरात, पाऊस पूर्ण ओसरल्यावर घालावा असं माझं मत आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले सगळ्यात वाईट महिने. मुंबईला समुद्रावरचा वारा मंदावला की काय होतं ते २०२२-२३च्या हिवाळ्याने दाखवलं. २०२३च्या ऑक्टोबरात बांधकामांच्या धुळीसाठी महापालिकेला नियमावली काढावी लागली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. फिल्टरने आपलं ताजं बळ या चार महिन्यांत खर्चावं. मे महिन्यात दिवा लागला म्हणून लगेच नवा घातला, तर तो पहिले चार महिने दमट हवेत काढतो. दिवाळीआधी बदलावा की नंतर, असं विचारणाऱ्यांना मी ‘आधी’ म्हणेन, कारण त्या चार-पाच रात्रीच फुप्फुसांना सगळ्यात जड जातात. उत्तर भारतात ऑक्टोबरात बदलून जानेवारीत पुन्हा चाचणी करणं भाग आहे. आणि शेजारी पीओपीचं काम किंवा टाइल्स कापणं चालू असेल, तर तेवढे दिवस यंत्र झाकून ठेवावं. जिप्समची पूड हेपाला फार लवकर खाते.

फिल्टर धुतला तर? हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, कारण नवा फिल्टर दीड हजारापासून पाच हजारांपर्यंत आणि काही यंत्रांत त्याहूनही महाग पडतो. बाहेरची जाळी, म्हणजे प्री-फिल्टर, धुवायलाच हवी: दर दोन ते चार आठवड्यांनी कोमट पाण्यात, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये. केस, कापसाचे तंतू आणि जाड धूळ तिथेच अडली तर आतला फिल्टर बराच जास्त टिकतो. पण हेपा धुवू नये. साबणाने आणि अल्कोहोलने तंतूंवरचा भार जातो. प्रयोगशाळेत फिल्टरचा विद्युतभार मुद्दाम काढायचा असतो तेव्हा अल्कोहोलचीच वाफ वापरतात. गच्चीवर आपटून झाडला तर तंतू तुटतात आणि महिनोन् महिने साठलेली धूळ झाडणाऱ्याच्या नाकात जाते. व्हॅक्युम क्लीनरने वरची धूळ निघते, घड्यांतली नाही, आणि नळीच्या टोकाने कागद फाटायची भीती असते. पातेली धुतल्यासारखे धुता येतात ते विद्युत पट्ट्यांचे प्युरिफायर वेगळे. ते कोणते, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं.

दुसऱ्या उत्पादकांचे, ‘कंपॅटिबल’ म्हणून मिळणारे फिल्टर निम्म्या किमतीत येतात. ते सरसकट वाईट नसतात. पण कागद कितीही चांगला असला, तरी चौकटीची रबरी किंवा फोमची कड घट्ट बसली नाही तर हवा बाजूने निसटते, कारण हवेला सोपी वाट हवी असते. विकत घेतल्यावर घड्या मोजा, वजन मूळ कंपनीच्या नव्या फिल्टरशी ताडून पाहा, कड बोटाने दाबून बघा, आणि वर सांगितलेली मिनिटांची चाचणी परत करण्याच्या मुदतीत करा. चाचणीत टिकला तर तो फिल्टर चांगला, नाव काहीही असो. यंत्र घेतानाच पुढच्या तीन वर्षांच्या फिल्टरचा खर्च किमतीत मिळवून बघावा. स्वस्त यंत्र पुष्कळदा तिथे महाग पडतं, आणि ज्या यंत्राचा फिल्टर मिळणंच बंद होतं ते तर सगळ्यात महाग.

बदलण्याचं काम दहा मिनिटांचं आहे. प्लग काढा. मास्क लावा, आणि शक्य असेल तर यंत्र बाल्कनीत न्या. जुना फिल्टर न झटकता हळूच काढून थेट पिशवीत घाला आणि तोंड बांधा. आतला कप्पा कोरड्या फडक्याने पुसा. पाण्याचा हात लावू नका. बाजूला सेन्सरचं छोटं झाकण असतं, त्यामागचं भिंग कोरड्या कापसाच्या काडीने पुसा, नाहीतर ‘ऑटो’ चुकीच्या आकड्यावर चालत राहतो. नव्या फिल्टरचं प्लॅस्टिकचं वेष्टन काढलंय ना, हे दोनदा बघा. वेष्टनासकट बसवलेला फिल्टर महिनोन् महिने तसाच राहतो, कारण यंत्र नेहमीसारखाच आवाज करतं आणि दिवाही हिरवा असतो. हवेच्या दिशेचा बाण जुळवा, कडेवर तारीख लिहा, आणि शेवटी रिसेटचं बटण काही सेकंद दाबून धरा. नवा फिल्टर न घालता नुसतं रिसेट करणाऱ्या घरांत दिव्याचा उरलासुरला उपयोगही संपतो.

सर्वात नवा फिल्टरही काही गोष्टी अडवत नाही. गॅस गिझरमधून किंवा शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हेपातून आणि कार्बनमधून सरळ पार होतो. बंद खोलीत चार माणसं झोपल्यावर वाढणारा कार्बन डायऑक्साइडही तसाच. सकाळी डोकं जड वाटतं म्हणून कोणी फिल्टर बदलत असेल, तर आधी झोपण्यापूर्वी खिडकी थोडा वेळ उघडून बघावी. आणि न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तिथे झरोका उघडा आणि पंखा चालू हवाच.

जुन्या फिल्टरमध्ये प्लॅस्टिक, गोंद, कार्बन आणि वर्षभराची धूळ एकत्र असते, त्यामुळे त्याचा पुनर्वापर फारसा होत नाही. तो सुक्या कचऱ्यात द्यायचा, पण बंद पिशवीत आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘धुळीचा फिल्टर, उघडू नये’ असं लिहून. कचरा वेगळा करणारी माणसं बहुधा हातमोज्यांशिवाय आणि मास्कशिवाय काम करतात. ती चौकट ओढून काढताना आपल्या घरातली सगळी धूळ त्यांच्या तोंडावर उडते.